आडवा मारोती

कळंबहून कोणत्याही दिशेने निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागायचा नाही. आणि यज्ञेश्वरराव मुळावकरांनी तर एकतीस वर्षं समुद्रावर काढलेली. या दोन गोष्टींची सांगड गावाला कधीच घालता आली नाही. तहसिलीतल्या कारकुनाचा मुलगा तहसिलीत कारकून व्हायचा, हा रिवाज. हे पोरगं मात्र नागपूरला डिप्लोमा करून मुंबईला पळालं, मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत उतरलं आणि साठीला आल्यावरच वर आलं. २००२ साली ते कायमचे घरी परतले, तेव्हा त्यांची बायको सुचित्राबाई शाळेतून निवृत्त होऊन घरात स्थिरस्थावर झाली होती. नवरा घरात दिसण्याची तिला सवय नव्हती. तीही तिने हळूहळू करून घेतली.

पहिली अडचण शब्दाची. आमच्याकडे आभाळातून आवाज करत जातं त्याला जहाज म्हणतात. त्यामुळे न्हाव्याने पहिल्याच दाढीला विचारलं, "काकाजी, वरून आपलं कळंब दिसते का?" यज्ञेश्वररावांनी सांगितलं की आपण पाण्यातल्या जहाजावर होतो. "मंग खाली काय दिसते?" न्हाव्याने विचारलं.

प्रश्न विचारणारे कमी नव्हते. देवमासा पाहिला का, तिकडची दारू खरंच चांगली असते का, उलटी होते का, वशिल्याने भाच्याला लावता येईल का. पण यज्ञेश्वरराव ज्या प्रश्नाची वाट पाहत होते तो कोणी विचारेना. त्यांना वाटे, या गावात एका तरी माणसाने विचारावं की काकाजी, तुम्ही तिथे नेमकं करत होता काय, आणि विचारून झाल्यावर उत्तर संपेपर्यंत बसावं. बाकी त्यांचं कशावाचून अडलं नव्हतं. पेन्शन होती, घर होतं, पोटही चांगलं साफ होत होतं. आयुष्यभर केलेलं काम मात्र जन्मगावात कोणाला ठाऊक नाही, हे त्यांना खात होतं.

कोणी विचारत नाही म्हटल्यावर ते न विचारताच सांगत. "जहाजाला दोन मेन इंजिनं असली की लोक त्यांचंच नाव घेतात. पण इंजिन स्वतःहून काय करतं? त्याला थंड पाणी कोणीतरी पाजावं लागतं, तेल गाळून द्यावं लागतं, सुरू व्हायला हवेची फुंकर मारावी लागते. खरं जहाज चालतं ते या खालच्या पंपांवर. मग प्रत्येक इंजिनाला वेगळा लवाजमा ठेवायचा की दोघांत मिळून सामाईक?" एवढं होईस्तोवर समोरचा हमखास जागा होई. "सामाईक" हा शब्द आमच्याकडे सातबाऱ्यावर विहिरीपुढे लिहिलेला असतो आणि त्याचा अर्थ भांडण असा होतो. मग समोरचा स्वतःच्या विहिरीची तीन पिढ्यांची कथा सांगे, आणि जहाज बिचारं तसंच उभं राही. सुचित्राबाईंनी हे व्याख्यान पोळ्या लाटताना इतक्यांदा ऐकलं होतं की नवरा मध्येच अडला तर पुढचं वाक्य त्या पुरवत.

ती वर्षं कापसाची वाईट होती. यवतमाळ जिल्ह्याचं नाव दिल्लीच्या पेपरांत येऊ लागलं होतं, आणि ते काही चांगल्यासाठी नव्हे. आसपासच्या जिनिंगा एकेक करून बंद पडत होत्या. राळेगाव रोडवरची सोसायटीची जिनिंग तेवढी तग धरून होती, तीही दोन जुन्या डिझेल इंजिनांच्या जिवावर, कारण लाइन दिवसातून बारा तास गुल. मोठं इंजिन सरकी काढायची यंत्रं चालवी, लहान इंजिन गाठी बांधायचा प्रेस. कामगार त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. दोघांना गार ठेवायला बाहेरच्या हौदातून पाणी यायचं; थोरल्याचा पंप वेगळा, धाकट्याचा वेगळा. दोघांचा ड्रायव्हर एकच, मारोतराव. गेली बावीस वर्षं तो इंजिनाच्या अंगाला हात लावून त्याचा ताप सांगत आला होता आणि थर्मामीटरला विचारायची त्याला गरज पडली नव्हती.

२००४ च्या दसऱ्याआधी थोरल्याचा पाण्याचा पंप कायमचा गेला. सुटा भाग मिळेना, कारण तो बनवणारी कंपनी मारोतरावाच्या लग्नाआधीच बुडाली होती. जिनिंगचा मॅनेजर धनसिंग राठोड तीन गावं फिरला आणि शेवटी मुळावकरांच्या ओट्यावर येऊन बसला.

"काकाजी, तुमी ते पंपाचं काहीतरी सांगत राह्यता नं," तो म्हणाला, "ते करता बी येते का, का नुसतं सांगता येते?"

हा काही तो वाट पाहिलेला प्रश्न नव्हता. पण त्याच्या घराण्यातला होता. यज्ञेश्वररावांनी चहा अर्धा टाकला आणि चपला घातल्या.

आठ दिवस त्यांना तहानभूक सुचली नाही. मारोतरावाच्या शेतातला लहान डिझेल पंप आणून त्यांनी थोरल्याला जोडला. धाकट्याचा पंप होता तसा ठेवला. मग दोन्ही पाइपांच्या मध्ये एक आडवा पाइप टाकला आणि त्या आडव्या पाइपावर दोन इंची व्हॉल्व्ह बसवला, गोल चाकाचा. सगळी अक्कल त्या व्हॉल्व्हमध्ये होती. एरवी तो बंद. म्हणजे एकाचा पाइप फुटला तरी दुसऱ्याचं पाणी पळायचं नाही. एखादा पंप बंद पडला की मात्र चाक अकरा वेळा फिरवायचं. मग उरलेला एकच पंप दोघांनाही पाजतो, दुरुस्ती होईपर्यंत. "अडचणीत सामाईक, एरवी आपापलं," यज्ञेश्वररावांनी मारोतरावाला समजावलं.

"भावाभावाईत असं असतं तं कोर्टं बंद पडले असते," मारोतराव म्हणाला. स्वतःच्या शेतातला पंप इकडे आणल्यामुळे तो जरा घुश्शात होता.

आता त्या चाकाला हुकमाशिवाय कोणी हात लावू नये, म्हणून ते लाल रंगवायचं होतं. यज्ञेश्वररावांना साधा लाल रंग चालेना. जहाजावर लोखंडाला रेड लेड लावत, त्यांना तोच हवा होता. कळंबच्या दोन्ही हार्डवेअरवाल्यांनी हात वर केले. शेवटी सुचित्राबाईच म्हणाल्या, "अहो, रेड लेड म्हणजे आपला शेंदूर. नववीच्या पोरींना वीस वर्षं शिकवलाय मी. जवसाच्या तेलात कालवा आणि लावा." यज्ञेश्वररावांनी पूजेच्या दुकानातून किलोभर शेंदूर आणला, तेलात कालवला आणि चाकाला, दांड्याला, मधल्या पोटाला असा झकास थर दिला. शेजारी पाटी टांगली: हुकमाशिवाय हात लावू नये. उरलेला डबा तिथेच कोनाड्यात ठेवला. ज्याला आपण शास्त्रशुद्ध काम म्हणतो ते हेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोकिळा आली. कापसातली कवडी आणि कचरा निवडणाऱ्या साठ बायांची ती मुकादम. ती बसली की बाया बसत आणि ती उठली की उठत. इंजिनखोलीच्या दारातून तिला काय दिसलं? भिंतीशी, कमरेएवढ्या उंचीवर, काल नव्हतं असं काहीतरी गोल, शेंदराने न्हालेलं. तिने चपला काढल्या, हात जोडले आणि डोक्यातलं झेंडूचं फूल काढून चाकावर ठेवलं. तिच्यामागे एकोणसाठ जणी होत्या. दुपारी यज्ञेश्वरराव आले तेव्हा व्हॉल्व्ह फुलांत शोधावा लागला.

"हे कोणी केलं?" ते ओरडले.

"तुमीच तं केलं काकाजी," कोकिळा म्हणाली. "शेंदूर कोणी लावला?"

ते फुलं काढू लागले तेव्हा धनसिंगने त्यांना बाजूला घेतलं. "राहू द्या नं. पाटी वाचून आजवर कोनं आयकलं हाये? पन आता पाहा, कोनी बोट लावन का त्याले? तुमाले तेच पाह्यजे होतं."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच यज्ञेश्वररावांनी उचललेली फुलं परत चाकावर ठेवली. एकतीस वर्षांत कोणत्याही जहाजावरची कोणतीही पाटी इतकी पाळली गेलेली त्यांनी पाहिली नव्हती. खलाशी लाल व्हॉल्व्हवर ओले मोजे वाळत घालत. इथे मारोतरावसुद्धा त्या चाकासमोरून जाताना खांद्यावरचा टॉवेल नीट करी. त्याला नावही पडलं, आडवा मारोती. खंडेनवमीला इंजिनांच्या आधी नारळ त्याला फुटला. दर शनिवारी कोकिळा कोनाड्यातला डबा काढी आणि नवा थर देई. डबा संपला तेव्हा बायांनी तसाच दुसरा कालवून आणला, जवसाच्या तेलातलाच, कारण मुळात काकाजींनी तसा लावला होता आणि देवाच्या बाबतीत बदल करू नये.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेंदूर आणि जवसाचं तेल यांचं जे लुकण होतं, ते पाइपाचे सांधे पक्के बुजवायला वापरतात. हे यज्ञेश्वररावांना माहीत होतं. आडीअडचणीचा व्हॉल्व्ह दर आठवड्याला उघडून-मिटून पाहायचा असतो, नाहीतर तो ऐनवेळी दगा देतो, हेही माहीत होतं. जहाजावर त्यांनी तो शनिवार एकदाही चुकवला नव्हता. पण इथे ते शनिवारी जात तेव्हा बाया वाट करून देत. "देव बसवनारे काकाजी आले," म्हणत एखादी त्यांच्याही पाया पडे. साठ बायांच्या देखत देवाचा कान पिळायचा कसा? पुढच्या शनिवारी पाहू, असं ते स्वतःला सांगत. पाया पडून घ्यायला मात्र कोणत्याच शनिवारी त्यांचे पाय मागे सरले नाहीत.

असे चौदा शनिवार गेले.

जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी अंगणात कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग फाटकाबाहेर गेली होती. सकाळी अकराच्या सुमारास मारोतरावाच्या शेतातल्या पंपाने दोन उचक्या दिल्या आणि तो थांबला. हौदात उडून पडलेली रुई त्याच्या जाळीत जाऊन बसली होती. जाळी काढून साफ करायची म्हणजे अर्धा तास. थोरल्याचं पाणी बंद झालं. मारोतरावाने लोड उतरवला, इंजिन हळू केलं, अंगाला हात लावला आणि हात झटकन मागे घेतला. तापलेलं इंजिन पाण्यावाचून एकदम बंद केलं तर जागच्या जागी धरतं, म्हणजे जाम होतं, आणि धरलं तर हंगाम संपला. आता एकच काम होतं, आडवा मारोती उघडायचा.

मारोतराव व्हॉल्व्हपाशी धावला. तिथे जाऊन थांबला. मग चपला काढल्या. मग हौदावर जाऊन हात धुतले. मग येऊन हात जोडले. मग चाक धरून फिरवलं. चाक हललं नाही. आणि चाक म्हणण्यासारखं तिथे उरलंही काय होतं? चौदा थरांखाली आऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या, दांडा आणि गळा मिळून एक गुळगुळीत लाल गोळा झाला होता.

यज्ञेश्वरराव धापा टाकत आले तेव्हा धनसिंग थोरल्याकडे पाहून "याडी, याडी" करत आपल्या आईला हाक मारत होता. त्यांनी व्हॉल्व्हकडे एकदा पाहिलं. "हातोडा आणा," ते म्हणाले. "आणि छिन्नी."

कोकिळा मध्ये येऊन उभी राहिली. तिच्यामागे एकोणसाठ जणी होत्याच. "देवावर हातोडा?"

"अगं हा देव नाही!" यज्ञेश्वरराव किंचाळले. "दोन इंची व्हॉल्व्ह आहे हा!"

"असंल नं," कोकिळा शांतपणे म्हणाली. "आमी कुठं नाही म्हनलं? कोनाचा देव दगडाचा असते, कोनाचा लाकडाचा. आपला व्हॉल्व्हचा हाये. पन हातोडा नाही मारू देनार."

थोरल्याचा आवाज बदलला होता. यज्ञेश्वररावांना तो आवाज झोपेतही ओळखता आला असता. वादात ही बाई हरणार नाही हे त्यांना कळलं, आणि पाण्याविषयीचं आपलं सगळं ज्ञान या घडीला कवडीमोल आहे हेही कळलं. मग लहानपणी वेशीतल्या मारोतीपुढे गावजेवण झालं होतं ते त्यांना आठवलं. वर्षानुवर्षांच्या शेंदराची खोळ मारोती एक दिवस आपणहून टाकतो, आणि ज्या गावात टाकतो त्या गावाचं भलं होतं, असं म्हणतात. एकतीस वर्षांत त्यांनी लॉगबुकात एक खोटा आकडा लिहिला नव्हता.

"बाई," ते आवाज खाली आणून म्हणाले, "देव खोळ टाकून राह्यला. आज मंगळवार. पण तुम्ही चढवलेली खोळ तुम्हीच उतरवायची असते. त्याला मदत करता की अशाच उभ्या राहता?"

 कोकिळेने लुगड्याचा पदर खोचला आणि स्वतःच्या डब्यातला चमचा काढला.

पुढची दहा मिनिटं जे झालं ते कोणत्याही जहाजाने पाहिलं नसेल. धाकटा चालू होता. त्याच्या अंगातून फिरून आलेलं गरम पाणी यज्ञेश्वरराव बादल्या-बादल्यांनी व्हॉल्व्हवर ओतत होते, आणि आठ-दहा बाया स्टीलच्या चमच्यांनी देव खरवडत होत्या. वरचे थर खपल्यांनी निघाले. एकेक खपली खाली पडण्याआधीच पदरात झेलली जात होती. खालचा थर दगड झाला होता. "आता देवच म्हणते का थोडं ठोका," असं कोकिळेनेच जाहीर केलं, तेव्हा मारोतरावाने छिन्नी लावली आणि गळा मोकळा केला. मग चाकात लोखंडी नळी अडकवून तिघांनी जोर लावला. चाक कुरकुरलं आणि फिरलं. "एक!" बाया ओरडल्या. अकरा होईपर्यंत सगळं अंगण मोजत होतं. आडव्या पाइपातून पाणी थोरल्याच्या अंगात शिरलं, आणि मारोतरावाने त्याच्या कुशीवर हात ठेवला तो तिथेच राहू दिला. इंजिन वाचलं होतं.

एका इंजिनाच्या पंपाने दोन इंजिनं तारली होती. यज्ञेश्वररावांनी आखलं होतं तसंच, नेमकं तसंच. ते घामाने निथळत वळले, की आता कोणीतरी विचारेल, हे झालं कसं. सगळी जिनिंग साष्टांग पडली होती, व्हॉल्व्हपुढे.

घरी आल्यावर सुचित्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जहाजावर एक शनिवार चुकवला नाहीत. इथेच कसे चुकले?"

"तिथे कोणी पाया पडत नव्हतं," यज्ञेश्वरराव म्हणाले. हे सांगताना त्यांना फार लाज वाटली. सुचित्राबाईंनी ताट वाढलं.

खोळ टाकल्याची वार्ता आर्णीपर्यंत गेली. व्हॉल्व्हभोवती टाइल्स लागल्या, पुढे जाळीचं दार आलं, दाराला कुलूप आलं. आडीअडचणीच्या व्हॉल्व्हला कुलूप म्हणजे जहाजावर नोकरी जाते. यज्ञेश्वररावांनी भांडून किल्ली स्वतःकडे घेतली, आणि ती घेण्याचा एकच मार्ग होता. ते पुजारी झाले. दर शनिवारी दहा वाजता ते दार उघडत, चाक अकरा फेरे उघडत, अकरा फेरे मिटत, दांड्याला ग्रीस लावत. शेंदराचं फक्त एक बोट लावायचं, हा नियम त्यांनी देवाच्या नावाने घालून दिला आणि तो तंतोतंत पाळला गेला. लोक त्यांना महाराज म्हणू लागले. देवमाशाविषयी विचारणंही आता बंद झालं, कारण महाराजांना असलं विचारत नाहीत.

व्हॉल्व्ह पुढे कधी अडकला नाही. अडकलं ते बाकीचं सगळं. कापसाचा भाव वर आला नाही, बंड्या कमी झाल्या, फाटकाबाहेरची रांग आत आली, मग अंगणातही मावेनाशी नव्हे, दिसेनाशी झाली. २००७ च्या उन्हाळ्यात सोसायटीने जिनिंगला टाळं लावलं. थोरला आणि धाकटा भंगारात गेले. कापणाऱ्याने गॅसने पाइपही कापले, पण आडव्या मारोतीला हात लावायला तो तयार होईना. दोन्हीकडून दोन हात पाइप सोडून त्याने कापला आणि पाया पडून गेला. धनसिंग पुसदकडे दुसरी नोकरी पाहायला गेला. मारोतराव त्याचा पंप घेऊन शेतात गेला.

यज्ञेश्वरराव शनिवारी जात राहिले. इंजिनखोलीत आता दोन चौथरे होते आणि मध्ये टाइल्सचं देऊळ. चाक अकरा फेरे उघडायचं, अकरा फेरे मिटायचं. फिरवताना दोन्ही टोकांच्या कापलेल्या पाइपांतून भिंत दिसे.

एका शनिवारी कोकिळा आली. जिनिंग गेल्यापासून ती राळेगावकडे शेतांत तण निंदायला जायची. त्या दिवशी काम मिळालं नव्हतं. फूल वाहून ती गेली नाही, उंबरठ्यावर बसून राहिली. चाक फिरताना तिने सगळे अकरा फेरे पाहिले.

"काकाजी," ती म्हणाली, "एक विचारू? हे उघडलं तं व्हायचं काय नेमकं? पानी कोनाकडून कोनाकडे जायचं?"

यज्ञेश्वररावांचा हात चाकावरच राहिला. "सांगायला वेळ लागेल," ते म्हणाले.

"सांगा नं. बस चारले हाये. आता कोनती घाई हाये आपल्याले?"

त्यांनी विटेचा तुकडा घेतला आणि रिकाम्या चौथऱ्यांच्या मध्ये, फरशीवर काढायला सुरुवात केली. हे एक इंजिन. हे दुसरं. याचा पंप, त्याचा पंप, हा मधला पाइप.  कोकिळा वाकून पाहत होती, मध्येच बोट ठेवून "मंजे हे बंद अन् हे चालू, तं असं," म्हणत होती, आणि तिचं प्रत्येक वेळी बरोबर येत होतं. असा विद्यार्थी त्यांना कोणत्याही जहाजावर मिळाला नव्हता. दुपार झाली तरी ती उठली नाही.

"एक गेला तं दुसरा पाजते. कळलं," ती शेवटी म्हणाली. "अन् दोघंबी गेले तं?"

"दोन्ही गेले तर याचा काही उपयोग नाही."

"मंग जहाज बुडते?"

"नाही," यज्ञेश्वरराव म्हणाले. "बुडत नाही. नुसतं तरंगत राहतं. दुसरं कोणी येऊन ओढून नेईपर्यंत."

कोकिळेने फरशीवरच्या दोन चौकोनांकडे पाहिलं. मग उठून लुगड्याची धूळ झटकली.

"इतलं तं आमालेबी येते," ती म्हणाली, आणि बस गाठायला निघाली.